आरसीवर फिटनेस २०२९ पर्यंत आहे म्हणून गाडी कोणी तपासलीय असं समजू नका

तुम्ही विचारलंय की २०१४ ची सीएनजी वॅगन-आर बघताय, मालक ठाण्याचा, मीटर ५८ हजार, आणि तो म्हणतोय की आरसीवर फिटनेस २०२९ पर्यंत आहे, पीयूसी चालू आहे, म्हणजे गाडी तपासलेलीच आहे, तर या तपासण्यांची जुनी हिस्टरी कुठे बघायला मिळेल.

अशी हिस्टरी प्रायव्हेट गाडीची आपल्याकडे नसतेच. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी नवीन घेतली की रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं होतं आणि फिटनेसची तारीख त्याच दिवशी पडते. २०१४ मध्ये पासिंग झालं म्हणून २०२९, बाकी त्याला काही अर्थ नाही. मधल्या काळात गाडी आपटली, पाण्यात बुडाली, इंजिन खोललं तरी ती तारीख तीच राहते. आरटीओचा इन्स्पेक्टर ती गाडी परत बघणार तो २०२९ ला, नूतनीकरणाच्या वेळी, आणि मग पुढची ५ वर्षं मिळतात. टॅक्सी, टुरिस्ट गाड्यांचं वेगळं, त्यांना पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. पीयूसीचं म्हणाल तर सायलेन्सरमधून येणारा धूर तेवढा मोजतात, ब्रेक, सस्पेन्शन, चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, हे कोणी बघत नाही. मालक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांना खरंच वाटतं की फिटनेस आहे म्हणजे तपासणी झालीय.

मलाही तसंच वाटलं होतं. २०१८ ला बाबांना दर आठवड्याला हॉस्पिटलला न्यायचं होतं, रिक्षात त्यांना बसवेना, म्हणून घाईत एका डीलरकडून छोटी गाडी घेतली. मीटर ६१ हजार, आरसी क्लिअर, पीयूसी क्लिअर, पॉलिश मारून गाडी आरशासारखी केलेली. तीन महिन्यांनी एसीचा फिल्टर बदलायला मेकॅनिकने ग्लोव्ह बॉक्स काढला तर मागे व्हील अलाइनमेंटची एक चिठ्ठी अडकलेली, दोन वर्षांपूर्वीची, आणि त्यावर किलोमीटर ९४,३००. म्हणजे मीटर मागे केलेला. तोपर्यंत क्लच प्लेट गेली होती, पुढचं सस्पेन्शन वाजत होतं, चाळीस हजारांच्या वर खर्च झाला आणि मधले दहा दिवस बाबांना परत रिक्षाने न्यायला लागलं. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

त्या चिठ्ठीवरून मला कळलं की हिस्टरी असते, पण ती अशा कागदांत असते जे गाडी विकण्यासाठी कोणी बनवलेले नसतात. सगळ्यात मोठा कागद म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद. गाडी सर्व्हिसिंगला आली की जॉबकार्ड बनतं, त्यावर तारीख आणि किलोमीटर येतात, आणि ते कॉम्प्युटरमध्ये राहतं. तिऱ्हाइताला ते कदाचित देणार नाहीत म्हणून मालकालाच सोबत घेऊन जा, किंवा त्याला प्रिंट मागवायला सांगा. ती प्रिंट समोर ठेवून किलोमीटर वाढतच गेलेत ना ते बघा, आणि कुठल्या वर्षानंतर नोंदी बंद झाल्या तेही बघा. वॉरंटी संपल्यावर लोक बाहेरच्या गॅरेजला जातात त्यात काही गैर नाही, पण मग त्या गॅरेजची बिलं, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, टायरचं बिल, बॉनेटखाली किंवा दारावर ऑइल बदलल्याचं स्टिकर, काहीतरी असायलाच पाहिजे. एवढ्या वर्षांत एकही कागद नाही म्हणणाऱ्या माणसाकडून मी तरी गाडी घेणार नाही.

तुमच्या केसमध्ये मला खटकतंय ते हे की गाडी सीएनजी आणि मीटर ५८ हजार. मुंबई-ठाण्यात माणूस जास्त पैसे देऊन, डिकीची जागा घालवून सीएनजी घेतो आणि पंपावर लाइन लावतो, ते रोज गाडी पळवायची असते म्हणूनच ना. ५८ हजार म्हणजे महिन्याला साडेचारशे किलोमीटर पण होत नाहीत. होऊ शकतं, रिटायर झालेल्या माणसाची असेल, पण त्याचा पुरावा हवा. आणि सीएनजीमुळे तुम्हाला एक खरी तपासणीची हिस्टरी मिळते जी पेट्रोलवाल्याला मिळत नाही, ती म्हणजे सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी. ती दर ३ वर्षांनी करावी लागते, म्हणजे सीएनजी किट कंपनीचं असेल तर साधारण २०१७, २०२०, २०२३ अशी दर तीन वर्षांची सर्टिफिकेटं निघायला हवीत. त्यावरचा सिलेंडर नंबर डिकीतल्या सिलेंडरवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर इंधनात सीएनजी चढवलंय का तेही बघा.

दुसरा कागद जुन्या इन्शुरन्स पॉलिसी. चालू पॉलिसी सगळेच दाखवतात, तुम्ही मागच्या पाच-सहा वर्षांच्या मागा, मेलवर पीडीएफ पडलेल्या असतात. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट बघायची, तो क्लेम न घेतलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्यावर येतो. म्हणजे ज्या वर्षी ४५ वरून शून्य झालाय त्याच्या आदल्या वर्षी काहीतरी झालं होतं, काय झालं ते मालकाला विचारा आणि रिपेरिंगचं बिल मागा. बंपर फुटला असेल तर काही नाही, पण चासीपर्यंत मार गेला असेल तर ती गाडी सोडा. एक मात्र लक्षात ठेवा, हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो आणि काही लोक बोनस वाचवायचं ॲड-ऑन घेतात, म्हणून नुसत्या ५० टक्क्यांवर खूश होऊ नका. मध्ये पॉलिसी लॅप्स झाली असेल तर नवीन देताना कंपनी गाडीचे फोटो काढून घेते, त्यात मीटरचाही फोटो असतो, मालकाच्या फोनमध्ये ते सापडले तर उत्तमच.

मुंबईत पाण्याचा प्रश्न वेगळा बघायलाच लागतो. २०१४ ची गाडी म्हणजे २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस तिने बघितलाय, त्या दिवशी गाडी कुठे उभी होती हे सरळ विचारा, मुंबई-ठाण्यातल्या माणसाला तो दिवस आठवतो. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत क्लेम बहुतेक वेळा मिळत नाही, लोक बाहेरच काम करून घेतात, त्यामुळे ते कागदावर दिसेलच असं नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला मातीचा डाग बघा. कार्पेट उचला, सीटच्या रेलला हात लावून गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. नवीन सीट कव्हर आणि भरपूर परफ्युम असेल तर जास्त नीट बघा.

काचांवर कोपऱ्यात वर्षाचा कोड असतो, सगळ्या काचा २०१३-१४ च्या आणि एकच २०१९ ची असेल तर ती का बदलली ते विचारा.

ऑनलाइन काम दहा मिनिटांचं आहे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कितवा मालक आहे, बँकेचा बोजा अजून चढलेला आहे का, इन्शुरन्सची तारीख काय, हे बघा आणि ई-चलान वेगळी तपासा. लोन फिटलेलं असून बोजा दिसत असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. पूर्वी टॅक्सी परमिटवर असलेली गाडी नंतर प्रायव्हेट केलीय का हेही विचारा, तशी असेल तर ५८ हजार विसराच. आणि किंमत ठरवताना २०२९ चा खर्च डोक्यात ठेवा, नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालीय, वर पर्यावरण कर आणि तेव्हा पास होण्यासाठी करावं लागेल ते काम.

हे सगळं जुळलं तरच पाच-सातशे रुपये देऊन ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा, शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका.

शनिवारी ठाण्याला जाणार म्हणताय तर त्याआधी एक फोन करा. सर्व्हिसची प्रिंट, हायड्रो टेस्टची सर्टिफिकेटं आणि जुन्या पॉलिसी व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणावं. यातलं निम्मं जरी आलं तरी जा, आणि "कागद कशाला, गाडी बघा ना" असं उत्तर आलं तर शनिवार दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.