नळी लांब केल्याने छर्रे एकत्र राहत नाहीत

बाळ,

तुझा मेसेज रात्री वाचला, लगेच फोन करणार होतो पण साडेअकरा वाजून गेले होते आणि हा विषय फोनवर नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो. ३० इंचाची गन विकायची, बाबांनी एफडी मोडायची आणि ३२ इंचाची घ्यायची, का तर रेंजवर कुणीतरी सांगितलं की नळी लांब असली की पॅटर्न (म्हणजे छर्रे लक्ष्यावर किती पसरून पडतात ते) घट्ट येतो आणि दुसऱ्या शॉटला क्ले, म्हणजे हवेत उडवलेली मातीची तबकडी, सुटत नाही. एफडी अजिबात मोडू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

नळीच्या लांबीचा आणि पॅटर्नच्या घट्टपणाचा संबंध जवळजवळ नाहीच. पॅटर्न ठरतो तो नळीच्या तोंडाशी, शेवटच्या दोन-तीन इंचात, जिथे चोक असतो, म्हणजे नळी आतून किंचित आवळलेली असते. दिवाळीत आई सोऱ्या काढते तेव्हा बघितलं असशील, शेव पडणार की चकली हे खालची चकती ठरवते, सोऱ्या वीतभर लांब आहे की दीड वीत याने काही फरक पडत नाही. इथेही तसंच. १२ बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असते आणि फुल चोक म्हणजे तोंडाशी तिला फक्त १ मिलिमीटरच्या आसपास आवळलेलं असतं, मॉडिफाइड म्हणजे त्याच्या निम्मं, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे पाव. एवढ्याशा आवळण्याने किती फरक पडतो बघ, ४० यार्डांवर ३० इंचाच्या वर्तुळात चोक नसलेली नळी अंदाजे ४० टक्के छर्रे टाकते आणि फुल चोकवाली ७० टक्के. लांबी तीच ठेवून. आता उलट करून बघ, चोक तोच ठेव आणि नळी २६ इंचाची घे नाहीतर ३२ ची, कागदावर बार मारून भोकं मोजलीस तरी वेगळं काही सापडणार नाही, सापडलंच तर ते एकाच बॉक्समधल्या दोन काडतुसांत असतो त्यापेक्षा कमीच.

कारण पण साधं आहे. आजकालच्या काडतुसात छर्रे प्लास्टिकच्या कपात बसलेले असतात, नळीतून जाताना ते कपाच्या आणि नळीच्या भिंतीत दाबलेले असतात, तिथे पांगायला जागाच नाही. पांगापांग सुरू होते बाहेर पडल्यावर, हवा लागल्यावर. आणि जास्त पांगतात ते चेपलेले छर्रे, शॉट सुटताना मागून बसलेल्या धक्क्याने ज्यांचा गोल आकार बिघडलाय ते. म्हणून छर्रा कडक आहे की मऊ, शिशात ते कडक करणारा अँटिमनी धातू किती घातलाय, याचा परिणाम पॅटर्नवर दिसतो, पण छर्रा नळीतून ३० इंच आला की ३२ इंच याची आठवण त्याला राहत नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं दोन ठिकाणांहून. एक म्हणजे काळ्या दारूच्या काळातून. कोकणात आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, उभी केली की माझ्या डोक्याच्या वर जायची, आणि त्या दारूला सावकाश जळायला लांब नळी लागायचीच, वेग त्यातूनच मिळायचा. लांब बंदूक लांब मारते हे तेव्हा खरंच होतं. आताची दारू पहिल्या काही इंचांतच बहुतेक जळून जाते, त्यापुढे दर इंचाला सेकंदाला पाच-दहा फूट वेग इकडेतिकडे होतो, आणि छर्रे सुटतात सेकंदाला तेराशे फुटांच्या आसपास. तुझे दोन जादा इंच म्हणजे जेमतेम एक टक्का. क्लेला ते कळतही नाही.

दुसरं कारण मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. गावात एका शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी १२ बोअर होती. पावसाळ्यात बांधावरून उतरताना तोंड चिखलात रुतलं, लक्षात आलं नाही, आणि बार काढल्यावर पुढचा भाग फुगून चिरला. माणूस वाचला, देवाची कृपा. (तुला म्हणून सांगतो, गन हातात घेतलीस की आधी उघडून नळीतून आरपार बघायचं, प्रत्येक वेळी, कुणी घाई केली तरी.) मग रीतसर परवानगी काढून कारागिराकडून पुढचे चार इंच कापून घेतले, कारण आर्म्स अॅक्टमध्ये नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. त्यानंतर छर्रे पार पसरायला लागले. सगळं गाव म्हणायचं नळी आखूड झाली म्हणून, आणि मीही वीस वर्षांचा होतो, मीही तेच मानलं. चार इंचांबरोबर चोकही कापून गेला होता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही! ही गोष्ट मला समजायला पुढे कितीतरी वर्षं गेली आणि तोपर्यंत मी पण तुझ्यासारखीच लांब नळीची गन घेऊन बसलो होतो, विकणाऱ्याने अगदी ठासून सांगितलं होतं की पॅटर्न बदलेल. पैसे उसने घेतलेले. पॅटर्न तसाच राहिला आणि उधारी फेडायला दीड वर्ष गेलं, म्हणून तुझ्या बाबांच्या एफडीचं नाव वाचून मला राहवलं नाही.

१९२०च्या दशकात लंडनला रॉबर्ट चर्चिल नावाचा गनमेकर होता, सगळे २८ आणि ३० इंचाच्या नळ्या विकत असताना त्याने २५ इंचाच्या बंदुका काढल्या, लोकांनी खूप वाद घातले, पण त्या गनांनी व्यवस्थित नेम धरला आणि खपल्याही. नळीवरची पट्टी त्याने मुद्दाम अरुंद ठेवली होती, डोळ्याला नळी लांब वाटावी म्हणून. मला हे फार आवडतं, कारण लांबीचं खरं काम कुठे आहे ते त्याला बरोबर कळलं होतं. ते डोळ्यात आणि हातात आहे.

कारण लांबीने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. लांब नळीचं वजन पुढे जातं, स्विंग, म्हणजे क्लेमागे गन फिरवणं, सुरू व्हायला जड पण एकदा सुरू झाला की सहज थांबत नाही, म्हणून ट्रॅपवाले (समोरून दूर जाणाऱ्या क्ले मारणारे) ३० आणि ३२ कडे झुकतात आणि स्कीटवाल्यांना (आडव्या जाणाऱ्या क्ले मारणाऱ्यांना) बऱ्याचदा थोडी चपळ गन लागते. तू मागच्या महिन्यात पाठवलेले व्हिडिओ मी तीन वेळा बघितले. उजवीकडे जाणाऱ्या क्लेवर तू घोडा दाबायच्या क्षणी गन थांबवतेस, छर्रे मागे जातात. ३२ इंचाने यात कदाचित थोडी मदत होईल, पण तुझ्या खांद्याला पुढचं वजन १२५ क्ले पेलायचंय, आणि पाचव्या राउंडला डावा हात खाली यायला लागला तर मिळवलेलं सगळं गेलं. त्यापेक्षा घरी रोज संध्याकाळी रिकाम्या गनने, दोनदा तपासून, भिंत आणि छताच्या कडेवरून स्विंग कर आणि घोड्यानंतरही गन चालू ठेव. दस्त्याचा कोंब, म्हणजे गाल टेकतो ती वरची कडा, पण बघून घेऊ, मला तुझा गाल थोडा उचललेला वाटला.

आणि पॅटर्नची शंका आहे ना, मग कागदालाच विचारू. मीटरभर रुंद ब्राउन पेपर घे, मधे एक ठिपका काढ, गन नीट टेकवून ३५ मीटरवरून मार. वर्तुळ आधी काढायचं नाही, शॉटनंतर जिथे भोकं सगळ्यात दाट तिथे मध्य धरून ३० इंचाचं, म्हणजे ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ काढायचं. मग मोजायचं, प्रत्येक भोकावर पेन्सिलने टिक करत, नाहीतर दोनदा मोजलं जातं. २४ ग्रॅमच्या, साडेसात नंबरच्या (छर्र्याच्या आकाराचा नंबर) काडतुसात साधारण तीनशे छर्रे असतात, पण कंपनीगणिक फरक पडतो, तेव्हा त्याच बॉक्समधलं एक काडतूस मी उघडून मोजून आणीन, तू उघडू नकोस. एका कागदावरून काही ठरवू नकोस हं. माझ्याच गनने एकदा पहिल्या शीटवर ६९ टक्के दिले आणि पुढच्यावर ६०, गन तीच, चोक तोच, मी दोन्ही कागद अजून जपून ठेवलेत. एका चोकला निदान पाच कागद, मग काडतूस बदलून परत पाच. कंटाळवाणं आहे, दुपार जाते त्यात, पण वर्तुळाच्या आत कुठे वाटीएवढी मोकळी जागा राहते ते दिसायला लागलं की टक्केवारीपेक्षा तेच जास्त शिकवतं, कारण क्ले ११ सेंटिमीटरची असते आणि कडेने वळली तर त्याहून कितीतरी बारीक दिसते.

रविवारी सकाळी सातला ये, वारा उठायच्या आत. तुझ्या चोक ट्यूब (तोंडाशी बसवायचे बदलते चोक) सगळ्या आण, त्यांची किल्ली पण, गेल्या वेळी विसरली होतीस. प्रत्येक कागदावर चोक, काडतूस, अंतर आणि तारीख लिहायची. बाबांनाही घेऊन ये, भोकं मोजायला ते बसतील.

काका