गरम झाली की अडकते, बंद-चालू केली की सुटते: जुन्या ऑटोमॅटिक फोर बाय फोरचे प्रश्न

उन्हाळा तापला की ऑटोमॅटिकवाल्यांचे प्रश्न वाढतातच. यावेळी पाच घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तोच आजार थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांच्या गाडीला आहे.

प्रश्न (चाळीसगाव): सेकंड हँड रेक्स्टन घेतली, सँगयाँगची फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. कन्नड घाटात अर्ध्यावर गेलं की गियर एकाच जागी अडकतो, इंजिन नुसतं ओरडतं. बंद करून चालू केली की नीट. गॅरेजवाला दरवेळी गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्टचा कोड उडवून देतो, आठ दिवसांनी परत तेच. आता म्हणतो गियरबॉक्स बदला.

दादा, गियरबॉक्सला अजून हात लावू देऊ नका. बंद-चालू केल्यावर गाडी नीट होते ना, मग आतल्या क्लच प्लेटा शाबूत असायची शक्यता जास्त आहे, जळालेली प्लेट चावी फिरवून बरी होत नसते. तुमच्या गाडीत मर्सिडीजचा पाच स्पीडचा बॉक्स आहे, १९९६ पासून त्यांच्याच गाड्यांमधे होता, नंतर जीपमधेही गेला. त्याच्या कॉम्प्युटरला एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही की तो आहे तो गियर धरून बसतो, आणि गाडी बंद करून परत चालू केली तरी फॉल्ट कायम असेल तर फक्त सेकंड आणि रिव्हर्स देतो. यालाच लिम्प मोड म्हणतात, बॉक्स वाचावा म्हणून केलेली सोय आहे ती.

मग सेन्सरचा आकडा का बिघडतो? या बॉक्समधे स्पीडचे दोन सेन्सर व्हॉल्व्ह बॉडीवरच्या (ऑइलचं प्रेशर वळवून गियर बदलणारा भाग) प्लास्टिकच्या कंडक्टर प्लेटमधे, म्हणजे वायरिंगच्या पट्टीत, बसवलेले असतात, म्हणजे चोवीस तास ऑइलमधे. गार असताना बरोबर चालतात, ऑइल तापलं की एखादा मान टाकतो. घाटात अडकते आणि सकाळी गावात फिरवली तर काहीच नाही, हे त्याच्याशी जुळतं.

पण ही कंडक्टर प्लेट नवीन मागवायच्या आधी एक स्वस्तातलं काम करा. गाडी लिफ्टवर घ्या, ऑइल पॅनच्या वर बाजूला वायरिंगचा एक गोल कनेक्टर बॉक्समधे शिरलेला दिसेल, तो काढा आणि आत बोट फिरवा. बोटाला लाल-तपकिरी ऑइल लागलं तर त्याच्या ओ-रिंग, म्हणजे सीलच्या रबरी रिंगा, गेल्यात. हे ऑइल वायरच्या आतून सरकत सरकत थेट गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत चढतं, खोटं वाटेल पण चढतं, म्हणून तिकडचा प्लगही उघडून बघा. ओला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण सुकवा, कनेक्टरचं बुशिंग ओ-रिंगसकट नवीन टाका. कित्येकदा आजार इथेच संपतो आणि लोक मात्र बॉक्स उतरवून बसलेले असतात.

हे कोरडं निघालं तर स्कॅनर. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला नको, तो बहुतेक वेळा नुसता पी०७०० दाखवतो, त्याचा अर्थ एवढाच की गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार आहे, तक्रार काय ते त्यात नसतं. त्या कॉम्प्युटरमधे शिरणारा स्कॅनर पाहिजे, आणि अडकलेली असतानाच, बंद न करता वाचायचा. कोडचा फोटो काढा, ऑइलचं टेंपरेचर लिहा, कुठल्या गियरला झालं ते लिहा. उडवायचं नंतर. न वाचता कोड उडवणारा फिटर तुमचा पुरावाच पुसतोय भो, म्हणून तर तुमचं काम आठ-आठ दिवसांनी परत येतंय. बॅटरी आणि ऑल्टरनेटरचा व्होल्टेजही बघून घ्या, तो पडला तरी हा कॉम्प्युटर उगाच रुसतो.

अजून एक, याला डिपस्टिक नसते, नुसती नळी आणि झाकण असतं. लेव्हल वेगळ्या टूलने, ऑइल ८० डिग्रीला आल्यावर, गाडी चालू ठेवून पार्कमधे बघायची. अंदाजाने ओतू नका, जास्त झालं की फेस होतो आणि नवीनच दुखणं लागतं.

प्रश्न (अमळनेर): साठ-सत्तरच्या स्पीडला, पाय हलका असताना गाडी थरथरते. बॅलन्सिंग झालं, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले, फरक नाही.

ताई, मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर आहे तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक फक्त शिवा, गाडी थांबवायची नाही, ब्रेकलाइट लागण्यापुरतं. मागे कोणी नाही हे आधी बघा. त्या क्षणी थरथर गेली आणि आरपीएम थोडा उचलला तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गियरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लचकडे, म्हणजे त्याला इंजिनशी थेट जोडणाऱ्या क्लचकडे आहे, चाकांचा यात काही संबंध नाही. लगेच कन्व्हर्टर उतरवू नका. कंपनीने सांगितलेलंच एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल) घेऊन बदला, थोडं चालवा, परत बदला, कारण पॅन उघडल्यावर निम्मंसुद्धा ऑइल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमधे असतं. थरथर नवीन असेल तर बऱ्याचदा यातच जाते.

प्रश्न (धुळे): ऑइल बदललं की जुना बॉक्स बसतो म्हणतात. खरं का?

ज्याचा बसतो तो आधीच बसायला आलेला असतो. घसरायला लागल्यावर, ऑइल काळं होऊन जळका वास यायला लागल्यावर लोक बदलायला येतात आणि मग नाव ऑइलचं होतं. गियर नीट पडत असतील तर बिनधास्त बदला, फिल्टरसकट. प्रेशर मारून फ्लश करणाऱ्या मशीनपासून मात्र जुनी गाडी लांबच ठेवा. पॅनमधल्या मॅग्नेटवर बारीक राखेसारखा गाळ चालतो, चमकणारे तुकडे दिसले तर मग बसून बोलू.

प्रश्न (भुसावळ): मे महिन्यात दुपारी पालकडे चढताना घसरते, थंडीत एकदम ओके.

आबा, आपल्याकडे ४५ डिग्री म्हणजे नेहमीचंच, त्यात बहुतेक गाड्यांत एटीएफ रेडिएटरच्या टाकीतूनच थंड होतं, म्हणजे रेडिएटर घुसमटला की बॉक्सही तापला. तुमची गाडी जिनिंगच्या आवारात उभी असते असं लिहिलंय, तिथेच बघा. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कापसाचं लिंट (बारीक तंतू) आणि धूळ मिळून नमद्यासारखा जाड थर तयार होतो, समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधे हात घातला की मूठभर निघतं. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, कमी प्रेशरने, नाहीतर फिन वाकतात. रेडिएटर आतून लीक आहे का तेही बघा. एटीएफ गुलाबी दुधासारखं झालं असेल तर त्यात कूलंट शिरलंय, गाडी त्याच जागी बंद, कारण कूलंट प्लेटांचं अस्तर सोडवतं. आणि खडी चढण रांगत चढायची असेल तर फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गियर) लावा, पण फक्त कच्च्या रस्त्यावर. नेहमीच्या हाय मधे पाय दाबून रांगलं की कन्व्हर्टर घसरतो आणि सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमधे जाते.

प्रश्न (नंदुरबार): तोरणमाळला बंद पडली तर ट्रॅक्टरला बांधून खाली आणता येईल का?

नाही. ऑइल पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे चाकं फिरतायत आणि आत ऑइल फिरत नाही. शिवाय बंद इंजिनवर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, त्या वळणांवर ते जीवावर बेतेल. चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा. ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा बॉक्स) न्यूट्रल असेल तर गाडीचं मॅन्युअल (माहितीपुस्तक) बघून तेवढं, फक्त सपाटीवर आणि रस्त्यातून बाजूला घेण्यापुरतं. धक्का मारून चालू करायच्या भानगडीत पडू नका, ऑटोमॅटिक तशी चालू होत नाही.