अंदमानला कोणत्या महिन्यात जावं?

फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य. मी तरी फेब्रुवारीच सुचवेन. तेव्हा समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, स्नॉर्कलिंग करताना प्रवाळ स्वच्छ दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर जरा थांबा. आपल्याकडचा पाऊस संपला तरी तिथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो, शिवाय वादळांचे दिवस. समुद्र खवळला की पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉक-नील बेटांवर (आताची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) जाणाऱ्या बोटी रद्द होतात आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. मेअखेरीस तर मान्सून केरळच्याही आधी तिथे पोहोचलेला असतो. डिसेंबर-जानेवारीतही मजा येते, पण गर्दी फार. आणि हो, तेव्हा संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोहोचा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.