रोज बायबल वाचतो, पण वचन मनाला भिडत नाही. मन तयार कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून चर्चला जाता, रोज सकाळी एक अध्याय वाचता, पण गेली दोन-तीन वर्षं पुस्तक मिटलं की काहीच उरत नाही. आणि यामुळे आपला विश्वासच खोटा आहे की काय, अशी भीती वाटते. मी पाळक नाही. जालना जिल्ह्यात आमची थोडी शेती आहे आणि मंडळीत बरीच वर्षं संडेस्कूल घेतो. तुमची ही अवस्था मी स्वतः काढली आहे, म्हणून लिहायला बसलो.

भीती आधी बाजूला ठेवा. विश्वास मेलेल्या माणसाला वचन भिडत नाही याची खंत वाटत नाही. तुम्हाला ती वाटते, इतकी की अनोळखी माणसांना विचारलंत.

प्रभू येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला तुम्हाला पाठच असेल: मत्तय 13, मार्क 4, लूक 8. बी म्हणजे देवाचं वचन; काही वाटेवर पडतं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, आणि चांगल्या जमिनीत पडतं तेच पीक देतं. संदेशात बहुतेक वेळा सांगतात की चार प्रकारची जमीन म्हणजे चार प्रकारची माणसं. शेतकरी म्हणून मला तो दाखला जरा वेगळा दिसतो. या चारही जागा एकाच शिवारात असतात, कधी कधी एकाच वावरात. आपल्याकडे तिफणीने पेरताना चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यातून थेट सरीत जातं, वाटेवर पडत नाही. दाखल्यातला पेरणारा हातानं उधळत, फोकून पेरतोय, म्हणून बी सगळीकडे पडतं. एकाच माणसाच्या मनात वाट, खडकाळी, काटेरी झुडपं आणि चांगली जमीन असं सगळं असू शकतं. माझ्या मनात तरी आहे.

तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं तुमची अडचण वाटेची आहे.

आमच्या वावरातून गाडीवाट जाते. तिची माती वेगळी नाही, दोन्ही बाजूंना आहे तीच काळी, भारी माती. फक्त तिच्यावरून सगळे जातात. बैलं गेली, ट्रॅक्टर गेले, शाळेची पोरं गेली आणि ती दगडासारखी झाली. आम्ही जुने ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं, त्या काळात आमच्या घरात विश्वास आला. ज्या पूर्वजांनी तेव्हा पहिल्यांदा वचन ऐकलं, त्यांच्या कानाला ते नवं होतं. माझ्यापर्यंत येताना त्याच वचनांवरून नाताळची नाटकं, पाठांतराच्या स्पर्धा, दर रविवारचे संदेश असं किती काय जाऊन आलं! ‘पाहा, एक पेरणारा’ इतकं ऐकलं की पुढचं मन आपोआप म्हणून टाकतं, ऐकत नाही. तुम्हीही लहानपणापासून चर्चमध्ये आहात. वचनाचा राग नाही, शंका नाही, फक्त सवयीनं जमीन दाबली गेली आहे.

माझी वाट नांगरली ती माझ्या आजीनं. तिला अक्षरओळख नव्हती, शेवटी शेवटी दिसतही नव्हतं. संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचो आणि ती मला पुढं जाऊच द्यायची नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेल्या बाईची गोष्ट आहे. मी सरळ वाचत सुटलो होतो. आजी म्हणाली, "थांब. बारा वरसं? आन् समदा पैसा वैद्यांनी खाल्ला? पुन्यांदा म्हन." पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आन् कुनीच इचारलं न्हाई तिला?" ती गल्लीतल्याच एखाद्या बाईबद्दल विचारावं तसं विचारत होती. पुढं प्रभू येशू त्या बाईला ‘मुली’ म्हणतो, तिथं आजी रडली. मी तो अध्याय शंभरदा वाचला असेल, पण ‘मुली’ हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. तो एक अध्याय संपायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या.

तेव्हापासून मी मोठ्यानं वाचतो. मुळात ही वचनं ऐकण्यासाठीच होती. प्रेषित पौलानं कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. जमलं तर कुणाला तरी वाचून दाखवा: आई-वडील असतील, शेजारची म्हातारी असेल, घरातलं लेकरू असेल. ऐकणाऱ्याचे प्रश्न नांगराचं काम करतात. आणि ओळखीचा उतारा दुसऱ्या भाषांतरात वाचून बघा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या आणि ते पूर्ण बायबल 1924 साली छापून निघालं. नेहमीच्या शब्दाऐवजी दुसरा शब्द आला की जीभ अडते, आणि जीभ अडली की मनही क्षणभर थांबतं. मला तेवढं थांबणं पुष्कळदा पुरतं.

आता काट्यांबद्दल. हे लिहिताना मला जड जातंय, पण लिहितो.

आमच्याकडे भारी रानात कुंदा नावाचं तण होतं. कुंदा वरून कापला तर दुप्पट जोमानं येतो. उन्हाळ्यात खोल खणून त्याच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, वेचाव्या लागतात, आणि एखादी राहिली तरी पुन्हा पसरतो. प्रभूनं काट्यांचा अर्थ सांगताना संसाराची चिंता, पैशाचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ अशी नावं घेतली. माझ्यात आणखी एक होता. धाकट्या भावाशी बांधावरून माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मोजणीही आणून झाली होती. त्या सहा वर्षांत मी रोज वाचत होतो, मुलांना शिकवत होतो, प्रार्थना सांगत होतो, आणि आतून सगळं कोरडं. कोरडेपणाचा आणि त्या बांधाचा काही संबंध असेल, हे मनात आलंच नाही.

एकदा प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री मत्तय 5 मोठ्यानं वाचत होतो. वेदीजवळ दान घेऊन गेलास आणि तिथं आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, हे ते वचन. मी आयुष्यभर ते उलटं वाचत आलो होतो. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं. पण तिथं लिहिलंय की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. मी तिथंच थांबलो. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, त्याची यादी मला पाठ होती. त्याच्या मनात काय असेल, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. आणि उत्तर मला ठाऊक होतं. ते बांधाबद्दल नव्हतंच. आई शेवटची आजारी असताना मी त्याला दोन दिवस उशिरा कळवलं होतं. सकाळी मोसंबीच्या बागेत जाऊन त्याला तेवढंच म्हणालो: "आईच्या वेळी तुला उशिरा कळवलं, ते माझं चुकलं." तो काही बोलला नाही. माठातून तांब्याभर पाणी आणून दिलं. बांधाचा निकाल आजही लागलेला नाही, पण आम्ही बोलतो.

याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात क्रम दिलाय: आधी मलिनता आणि दुष्टपणा टाकून द्या, मग मनात रुजवलेलं वचन नम्रतेनं स्वीकारा. यिर्मया संदेष्टाही म्हणतो, पडीत जमीन नांगरा, काट्यांत पेरू नका. तुमच्या बाबतीत असा कुंदा आहे की नाही, मला माहीत नाही. पण एखादं वचन तुम्ही नेहमी घाईनं ओलांडत असाल, तर तिथं परत जा.

खडकाळीबद्दल थोडंच सांगतो. बरड रानात वर थोडी माती, खाली मुरूम. बी पटकन उगवतं आणि पहिल्या ताणात वाळतं. मोठ्या सभांतला माझा उत्साह बरेचदा असाच गेला. बरड सुधारायला आमच्याकडे तलावातला गाळ आणून टाकतात, आणि तो उपसता येतो दुष्काळात, तलाव आटल्यावर. तुमची ही कोरडी वर्षं म्हणूनच वाया जात आहेत असं मला वाटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते वापसा. भरपूर पाऊस झाला म्हणून लगेच औत घालता येत नाही. काळी माती पायाला चिकटते, औत तुंबतं आणि ओल्यात घुसलं तर रान उलट दाबलं जातं. दोन-चार दिवस थांबावं लागतं. मूठभर माती दाबून बघतात: गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा. तेव्हा मातीत पाणीही असतं आणि हवाही. सकाळी अध्याय वाचून झाला की आपण काय करतो? लगेच मोबाइल हातात घेतो. किंवा एकाच बैठकीत तीन अध्याय, वर दोन संदेश, वर तीन गाणी. पाणी खूप, हवा नाही. वाचायच्या आधी, देवानं रात्री हाक मारली तेव्हा लहानग्या शमुवेलानं म्हटलं तसं "बोल, तुझा दास ऐकत आहे" इतकंच म्हणून गप्प बसा, आणि वाचून झाल्यावरही पाच मिनिटं तसंच. सुरुवातीला त्या पाच मिनिटांत मला फक्त बाजारभाव आणि लाइटचं बिल आठवायचं. हळूहळू त्यांच्यामागून वाचलेला एखादा शब्द वर यायला लागला.

नांगरणं, वेचणं, थांबणं आपल्या हातात आहे, पाऊस नाही. यहेज्केल 36 मध्ये देव म्हणतो की पाषाणाचं हृदय काढून मांसाचं हृदय मी देईन. ते काम त्याचं. म्हणून मन तयार झालं की नाही हे रोज तपासू नका. बी कसं रुजतं हे शेतकऱ्याला कळत नाही, तो रात्री झोपतो आणि सकाळी उठतो, हेही मार्क 4 मध्येच आहे, सव्विसाव्या वचनापासून पुढं. मला त्या झोपेचा फार आधार वाटतो.

तर असं करा. रोजचा अध्याय आठवडाभर बाजूला ठेवा. मार्क 5 मधली त्या बाईची गोष्ट, वचन 25 ते 34, सात दिवस रोज एकदाच, मोठ्यानं, सावकाश वाचा. कुठल्या शब्दाशी अडलात ते आठवड्यानं इथंच खाली लिहा. मीही हा आठवडा तेच वाचणार आहे.