त्या बाईचं नाव काय?

"ताई, बाबा ७८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू कमजोर झाली आणि तेव्हापासून गिळायला त्रास आहे. आठ महिन्यांपासून संभाजीनगरला एका केअर सेंटरमधे ठेवलंय, मी पुण्यात नोकरीला, भाऊ नांदेडला. स्पीच थेरपिस्टनं सांगितलेलं की पाणी असो की चहा, घट्ट करायची पावडर टाकूनच द्या, जेवण घोटून मऊ द्या. तो रिपोर्ट मी मॅनेजरला मेल केलाय, तरी एकदा कोरडे पोहे दिले, एकदा साधं पाणी पाजलं. तीन महिन्यांत दोनदा ताप येऊन गेला, वजन ४ किलो उतरलंय. मी महिन्यातून एका रविवारी दुपारी भेटायला जाते, बाकी रोज मॅनेजरला व्हॉट्सॲप करते, ताटाचा फोटो मागते, भांडणं होतात. संध्याकाळच्या जेवणाला एक बाई असते, तिच्या हातनं म्हणे वाटीभर खातात, बाकी कुणाच्या हातनं दोन घास. भाऊ म्हणतो दुसरीकडे हलवू, वकील मैत्रीण म्हणते नोटीस पाठव. मी काय करू?" – एक लेक, पुणे

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मॅनेजर काय म्हणाला, तू काय म्हणालीस, त्यानं किती वाजता ब्लू टिक दिली, सगळं त्यात तारीखवार आहे (इथं छापताना बरंच कमी केलंय). आणि ज्या एका माणसाच्या हातनं तुझे बाबा वाटीभर खायलेत तिच्यासाठी अर्धी ओळ, तीपण 'म्हणे' लावून. आठ महिने झाले. तिचं नाव काय गं?

मला राग आलाय हे लपवत नाही. तुझी काळजी खरी आहे, पण ती सगळी मॅनेजरच्या फोनमधे जाऊन पडायलीय आणि मॅनेजर काही भरवत नाही. भरवते ती बाई.

तिच्या हातनंच का खातात, हे तुला विचारावंसं वाटलं नाही याचं मला नवल वाटतं. मी त्या बाईला पाहिलेलं नाही, पण असली एक बाई माझ्या घरी होती म्हणून सांगते. सासूबाईंना झटका आला तेव्हा मी त्यांना उभ्यानंच भरवायची, एक डोळा गॅसवरच्या दुधावर, हातात मोठा चमचा, आणि त्यांनी तोंड मिटलं की मला वाटायचं हट्ट करायल्यात. सांभाळायला बाई ठेवली तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "ताई खाली बसा, तुम्ही उभ्या ऱ्हायल्या की त्यांना मान वर करावी लागायली." एवढंच. मान वर गेली की श्वासाची वाट उघडी पडते आणि घास तिकडं घसरतो, हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं, तिला आधीच ठाऊक होतं. ती स्टुलावर बसायची, तिचे डोळे सासूबाईंच्या डोळ्यांपेक्षा जरा खालीच असायचे, चहाच्या चमच्यानं अर्धा चमचा, आणि मग हात खाली ठेवून गळ्याकडं बघत बसायची, गळा वर-खाली हलला की मग दुसरा. टीव्ही बंद. मधे बोलायची नाही, कारण बोललं की म्हातारं माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतं. शेवटी कमजोर बाजूच्या गालात बोट फिरवून अडकलेला घास काढायची, तोंड पुसायची आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायची नाही. एक जेवण चाळीस मिनिटं चालायचं, आणि त्या चाळीस मिनिटांत सासूबाईंना एकदाही ठसका लागायचा नाही.

तुझ्या बाबांना दोनदा ताप आला त्याबद्दल तू 'व्हायरल म्हणाले' एवढंच लिहिलंस. असेलही. पण झटका आलेल्या माणसाचं खाणं-पिणं श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. बरं, ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं असंही नाही, कित्येकांना घास चुकीकडं गेला तरी खोकला येतच नाही. जेवणानंतर आवाज ओला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा येतो का, दम लागतो का, हे बघायचं असतं आणि ते ताटाच्या फोटोत दिसत नाही. ताप परत आला किंवा श्वास जोरात चालू झाला तर कुणाशी भांडत बसू नको, त्याच दिवशी डॉक्टरला दाखव आणि तोंडानं स्पष्ट विचार की घास छातीत जातोय का. वजन ४ किलो उतरलंय हेपण सांग. आणि थेरपिस्टची तपासणी परत करून घे, दीड वर्षापूर्वीचं गिळणं आणि आजचं गिळणं एकच असेल असं नाही.

आता तो रिपोर्ट. इंग्रजीत असेल ना? मॅनेजरला मेल केलास म्हणजे त्याच्या मेलबॉक्समधे आहे. ज्या पोरीनं पोहे दिले तिनं तो पाहिलासुद्धा नसणार, तिला 'मऊ द्या' एवढा निरोप आला असेल आणि आपल्याकडं पोहे मऊच धरतात. पोहे, मुरमुऱ्याचा सुशीला तोंडात सुटे होतात, गोळा होत नाही, म्हणून असल्या माणसाला अवघड. पातळ वरणातला भात त्याहून फसवा, पाणी पुढं पळतं आणि शितं मागं राहतात, दूध-भाकरीचंही तेच. याउलट ज्वारीच्या पिठाची घट्ट, गुठळी नसलेली अंबील आपल्या घरातच आहे की, थेरपिस्टला दाखवून चालते का विचार, गुरुजींना बेचव घोटलेल्या भातापेक्षा ती नक्की गोड लागेल. पावडरचंही कुणी दाखवलं नसेल तर एक पोरगी एक चमचा टाकणार, दुसरी तीन. थेरपिस्टला सांग की सिरींजनं मोजायचं शिकवा: १० मिलीची सिरींज, सुई न लावता, दट्ट्या काढून, खालून बोट लावून घट्ट केलेलं पाणी भरायचं, मग बोट काढायचं आणि १० सेकंदांनी किती उरलं ते बघायचं, घट्टाईला थेरपिस्ट नंबर देतात, ४ ते ८ मिली उरलं तर ती दोन नंबरची घट्टाई. सिरींज कुठली घ्यायची आणि बाबांना कुठला नंबर लागतो ते थेरपिस्टच ठरवेल. आणि घट्ट पाणी माणूस कमी पितं हे ध्यानात ठेव, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लघवी किती होतीय, कसल्या रंगाची, यावर नजर पाहिजेच.

नोटीस पाठवायची तर पाठव, तुझा हक्क आहे, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईनही आहे. पण नोटीस गेली की पहिली चौकशी खालच्या बायांची होणार आणि 'संध्याकाळची बाई नीट भरवते, बाकीच्या नाही' हे वाक्य तू त्यात लिहिशीलच, मग उद्यापासून तिच्याशी तिथं कोण बोलणार? तिला तुझ्या भांडणातली साक्षीदार करू नको. आणि भावाचं ऐकून दुसरीकडं हलवलंस तर नव्या जागी नवे हात, परत पहिल्यापासून, आणि हे एकच माणूस तू मागं सोडून जाशील जिला बाबांचा घास कळलाय.

म्हणून माझं एकच ऐक. रविवार दुपार सोड. आठवड्यातल्या साध्या दिवशी रजा टाक आणि संध्याकाळच्या जेवणाला जाऊन बस. मॅनेजरला आदल्या दिवशी फोन कर, की मला उद्या बाबांचं जेवण बघायचंय. नाही म्हणाला, जेवणाच्या वेळी घरच्यांना आत सोडत नाही म्हणाला, तर मात्र कुणालाच विचारू नको, जागा शोध आणि बाबांना हलव. पण हो म्हणाला तर जा, आणि तिथं सूचना देऊ नको, चमचा हातात घेऊ नको, ताटाचा फोटो काढू नको. स्टूल ओढून तिच्या शेजारी बस. नाव विचार, गाव विचार. म्हण, बाबा तुमच्या हातनं खातात, मला शिकवा. आणि ती जे सांगेल ते वहीत लिही, तिच्या शब्दांत, मराठीत. तिची हरकत नसेल तर चमचा आणि बाबांचा गळा दिसेल एवढा दोन मिनिटांचा व्हिडिओ घे आणि थेरपिस्टला पाठव, काही चुकत असेल तर तो सुधारेल. मग ते एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरव आणि मॅनेजरच्या हातनंच बाबांच्या खाटेवर लावून घे, म्हणजे दुपारच्या पोरीलाही वाचता येईल. त्यात तोंड साफ करायचंही असू दे, सकाळ-संध्याकाळ, कवळी असेल तर काढून, कारण तोंडातली घाणच लाळेबरोबर छातीत उतरते. गोळ्या कुटून द्यायल्यात का तेपण विचार, सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीत, ते डॉक्टरकडनं लिहून घे.

तिच्या हातावर पैसे ठेवू नको, निदान पहिल्या दिवशी नको. शिकायला गेलीस ना, शिकून ये.

जेवण साडेसातला असतं असं तूच पत्रात लिहिलंस. पुण्याहून पाच तास धर, दुपारी एकच्या आत निघ. आणि परत आल्यावर मला तिचं नाव कळव.