बॅकस्कॅटर पडला म्हणजे बर्फ आटला असं नाही

सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा बॅकस्कॅटर (जमिनीवरून परत येणाऱ्या रडार लहरीची ताकद) वसंतात ३-४ डेसिबलने खाली येतो, तेव्हा डोंगरावरचा जलसाठा घटला असं धरायचं का, हा तुमचा प्रश्न. नाही. बर्फ ओला झालाय, एवढंच. थरात थोडं जरी द्रवरूप पाणी आलं तरी सी-बँडची, म्हणजे या उपग्रहाच्या रडारची, लहर वरच्या काही सेंटिमीटरांतच जिरते. साठा तेव्हा बहुधा शिगेला पोचत असतो. आलेख तळ गाठून पुन्हा चढू लागतो, साधारण त्या सुमारास पाणी खालून वाहायला लागतं. थोडक्यात, हा आलेख वेळ सांगतो, प्रमाण नाही.

प्रमाणासाठी फेज घ्या, म्हणजे परत आलेली लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे ते. कोरड्या बर्फातून लहर थेट जमिनीपर्यंत जाते, फक्त हवेपेक्षा सावकाश. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान बर्फ पडला तर फेज सरकतो, आणि हा फरक नव्या बर्फातल्या पाण्याशी जवळजवळ समप्रमाणात असतो. घनता वेगळी मोजावी लागत नाही, ही या पद्धतीची खरी ताकद. आपाती कोन (लहर पृष्ठभागाच्या लंबाशी करते तो) ४० अंशांच्या आसपास असेल, तर फेजचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतकं पाणी: सी-बँडला सुमारे २८ मिमी, जास्त लांब लहरीच्या एल-बँडला १२० मिमी. आता १२ दिवसांत ५० मिमी पाण्याइतका बर्फ पडला, तर सी-बँडमध्ये एक आवर्तन हरवतं आणि उत्तर २८ मिमीने कमी येतं. नकाशा मात्र दिसायला निर्दोष! जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार या रडार उपग्रहाचा २४ सेंमीचा एल-बँड इथेच कामी येतो.

प्रतिमांच्या जोड्या पहाटेच्या फेरीच्याच निवडा. संध्याकाळी पृष्ठभाग ओला असू शकतो. कोन सरसकट धरू नका, उंचीच्या प्रारूपावरून प्रत्येक उतारासाठी काढा. लेओव्हर (तीव्र उतार प्रतिमेत एकमेकांवर चढतात तो भाग) आणि रडारच्या सावलीतले पिक्सेल सरळ गाळा. घनदाट जंगलातल्या आकड्यांवर तर मी विसंबणारच नाही.

सगळ्यात फसवी चूक वातावरणाची. बाष्पामुळे होणारा विलंब उंचीनुसार बदलतो, बर्फही उंचीनुसार बदलतो, त्यामुळे एकाचा फेज दुसऱ्याच्या नावावर खपतो. ईआरए-५ या हवामानाच्या विदासंचावरून दुरुस्ती करा; एल-बँडला आयनोस्फिअरचीही (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची) करावी लागते.

फेज फक्त फरक देतो, तेव्हा निदान एक बिंदू जमिनीवरचा हवा: बर्फ नसलेला खडक, किंवा नळीने नमुना काढून तोललेली जागा. दर चौरस मीटरला १ किलो म्हणजे १ मिमी पाणी. पहिल्या हिमवर्षावापासून सलग जोड्यांची बेरीज करा. मधली एक जोडी ओली निघाली की साखळी तुटते. तिथून पुढे जमिनीवरच्या नव्या मोजणीपासूनच सुरुवात करावी लागते.