टाकीपासून नोझलपर्यंत : घरी बांधलेल्या विमानाच्या इंधनाविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : सांगाडा पुरा होत आला, आता इंजिन घ्यायचंय. फ्युएल इंजेक्शन शिकायला सुरुवात कुठून करू?

मोठा कागद घ्या आणि टाकीच्या तळापासून सिलिंडरपर्यंत इंधनाची वाट पेन्सिलीने काढा. प्रत्येक झडप, फिल्टर, पंप दाखवा आणि तिथे दाब किती हवा तो आकडा शेजारी लिहा. कार्ब्युरेटरचं (हवेच्या ओढीने इंधन मिसळणाऱ्या जुन्या साधनाचं) काम 0.5 ते 8 पीएसआयवर, म्हणजे दर चौरस इंचावर तितक्या पौंडांच्या दाबावर, भागतं. लायकमिंग इंजिनांवर दिसणाऱ्या बेन्डिक्स आरएसए या यांत्रिक इंजेक्शन पद्धतीला साधारण 20 ते 30 लागतात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 3 बारच्या, म्हणजे 43-44 पीएसआयच्या आसपास चालतं आणि उरलेलं इंधन टाकीत परत नेणारी वेगळी नळीही बहुतेकदा मागतं. म्हणून टाकी बंद करण्याआधी हा निर्णय झालेला बरा.

आरएसएमध्ये हवेच्या दाबातला फरक एका पडद्यावर आणि इंधनाच्या दाबातला फरक दुसऱ्या पडद्यावर काम करतो. दोघांच्या ओढाताणीत मधली गोळीची झडप किती उघडायची ते ठरतं. वीज लागत नाही, इंधन अखंड वाहत राहतं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत मिनिटाला 2400 फेऱ्यांना एका सिलिंडरचं चक्र 50 मिलिसेकंदांत संपतं आणि त्यातला किती वेळ इंजेक्टर उघडा ठेवायचा हे संगणक ठरवतो. ‘थ्रॉटल बॉडी इंजेक्टर’ या नावाने मात्र फसू नका. त्यात कार्ब्युरेटरसारखा फ्लोट (इंधनाची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतो हे खरं, पण इंधन सगळ्या सिलिंडरांसाठी एकाच ठिकाणी सोडलं जातं. वाटप सारखं होईल याची हमी तिथे कार्ब्युरेटरइतकीच.

प्रश्न : उतरल्यावर वीस मिनिटांनी इंजिन सुरूच होत नाही. सकाळी मात्र पहिल्या झटक्यात लागतं.

आडव्या इंजिनात फ्लो डिव्हायडर (इंधन सिलिंडरांत वाटून देणारा भाग) आणि नोझलच्या (इंधन सोडणाऱ्या तोट्यांच्या) बारीक नळ्या बहुधा सिलिंडरच्या वर असतात. इंजिन थांबलं की काउलिंगखालची (इंजिनावरच्या आवरणाखालची) उष्णता तिथेच साचते, नळ्यांतलं इंधन उकळतं आणि नोझलपर्यंत नुसती वाफ पोचते. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेली रीत आधी पाळा. लायकमिंगवर सहसा मिक्स्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारा दांडा) बंद ठेवून, थ्रॉटल (हवा कमीजास्त करणारा दांडा) साधारण अर्धा इंच उघडून स्टार्टर फिरवतात आणि इंजिनाने पकड घेतली की मिक्स्चर सावकाश पुढे करतात. थांबल्याबरोबर तेलाचं झाकण उघडं ठेवलं तर गरम हवेला वर वाट मिळते.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घेतलं आणि वीज गेली तर इंजिन बंद पडेल का?

हो, पडेल. पंप, इंजेक्टर, संगणक सगळे विजेवर चालतात. 2012 मध्ये आलेल्या रोटॅक्स 912 आयएसमध्ये म्हणूनच संगणकाचे दोन स्वतंत्र मार्ग आणि दोन जनरेटर आहेत. स्वतः जोडणी करताना माणसं दोन पंप, दोन फ्यूज बसवतात आणि अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच बोल्टला आवळतात. तो बोल्ट सैल झाला की दोन्ही पंप एकदम गेले! बॅटरी किती वेळ पुरेल तेही अंदाजाने धरू नका. जमिनीवर अल्टरनेटर बंद करून इंजिन चालवा, लागणारा करंट मोजा. जुन्या बॅटरीच्या लेबलवरच्या क्षमतेतला अर्धाच भाग हिशेबात घ्या.

प्रश्न : तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट बाकीच्यांपेक्षा तापतो, पण फ्लो मीटर नेहमीपेक्षा जास्त इंधन दाखवतो. मग तो सिलिंडर उपाशी कसा?

हा प्रश्न वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण या अवस्थेत उडू नये. तुमचं मीटर बहुधा प्रवाह मोजत नाही, फ्लो डिव्हायडरवरचा दाब मोजतं. तबकडीवर आकडे तेवढे प्रवाहाचे छापलेले असतात. एक नोझल तुंबलं की दाब चढतो आणि काटा ‘जास्त’ दाखवतो. इकडे तो सिलिंडर पातळ, म्हणजे कमी इंधनाच्या, मिश्रणावर तापत असतो, आणि पूर्ण ताकदीवर असं चाललं तर डिटोनेशन होऊन (मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम भडकून) पिस्टन जाऊ शकतो.

चाचणी सोपी आहे. विमान मोकळ्या हवेत उभं करा, अग्निशामक जवळ ठेवा, मॅग्नेटो (ठिणगीला वीज देणारं यंत्र) बंद करा. नोझल सिलिंडरातून काढून आपापल्या नळीला परत जोडा आणि चार सारख्या बाटल्यांत सोडा. मिक्स्चर आणि थ्रॉटल पूर्ण पुढे करून विजेचा पंप थोडा वेळ चालवा. तीन बाटल्यांत निळं अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) एका रेषेत चढतं आणि चौथीत बोटभर खाली राहतं, हे मी पाहिलंय. आता तो नोझल दुसऱ्या नळीवर लावा. कमतरता नोझलबरोबर गेली तर दोष नोझलचा, जागेवरच राहिली तर नळीचा किंवा डिव्हायडरचा.

मी पाहिलेल्या त्या नोझलच्या तोंडाशी टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा अडकला होता. आरएसएच्या नोझलचं छिद्र जेमतेम 0.7 मिलिमीटरचं असतं, त्यापुढे धागा म्हणजे बूचच. इंधनाच्या सांध्यांवर ती टेप कधीही गुंडाळू नका. नोझल अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा, हवा मारा, पण आत तार घालू नका. छिद्र ओरखडलं की नोझल टाकूनच द्यावा लागतो.

प्रश्न : इंजेक्शन असलं की उलटं उडता येतं ना?

नुसत्या इंजेक्शनने नाही. टाकीतली नळी उलट्या स्थितीतही इंधनात बुडलेली हवी आणि तेलाची सोयही तशीच हवी.

प्रश्न : पहिल्या उड्डाणाआधी इंधनाची कोणती चाचणी चुकवू नये?

प्रवाहाची. 200 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे 63 लिटर पितं. पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेतून त्याच्या 125 टक्के, म्हणजे जवळपास 79 लिटर मिळायला हवेत. नाक चढाईच्या कोनापेक्षा थोडं जास्तच वर उचला, टाकीत इंधन कमी ठेवा, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून इंधन मोजपात्रात घ्या आणि वेळ लावा. इंजिनावर जितका दाब लागणार तितकाच दाब चाचणीतही राहू द्या, नाहीतर मोकळ्या नळीतून येणारा आकडा उगाच मोठा दिसतो. प्रत्येक पंप वेगळा तपासा. आकडा कमी आला तर पंपाला दोष देण्याआधी टाकीची हवेची नळी बघा. गांधीलमाशीने त्यात मातीचं घर केलेलं असू शकतं.